बैल तेच, नांगर नवा

(बेळगाव परिसरातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेलं हे भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेऊन थोडं संपादित केलं आहे.)

अध्यक्ष महाशय, वाचनालयाची कार्यकारिणी आणि मागं दाराशी उभ्या असलेल्या मुलांनो, पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत, त्यात येऊन बसा. पुढं बसलं की प्रश्न विचारतात ही शाळेतली भीती. इथं व्याख्यान देणाराच घाबरलेला आहे.

शहापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांती, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तकं. काही मराठीत, काही कन्नडात, आणि हल्ली बऱ्याच पत्रिका दोन्हींत, कारण मुलगी वडगावची आणि मुलगा गोकाकचा. जोडीला संगणक दुरुस्ती. मी इंजिनिअर नाही. मुक्त सॉफ्टवेअर मला पुस्तकातून कळलं नाही, धंद्यात खोट खाल्ली तेव्हा कळलं. ती गोष्ट पुढं येईलच.

आजचा विषय पत्रिकेवर छापलाय तो असा: मुक्त सॉफ्टवेअर मालकीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर उपलब्ध करून द्यावं का? तो वाचून शेजारच्या किराणा दुकानदारानं मला विचारलं, ‘कुणाची मालकी आणि कशाची मुक्ती, मालक?’ तेव्हा त्यांच्यासाठी दोन वाक्यं. विंडोज किंवा मॅक घेतलं की आपल्याला वापरायचा परवाना मिळतो. आतला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, कंपनीच्या कुलपात. लिनक्स ही विंडोजसारखीच सिस्टीम, फायरफॉक्स हा ब्राउझर, लिब्रेऑफिस हे पत्रं-अहवाल लिहायचं, व्हीएलसी हे व्हिडिओ बघायचं; यांचा कोड उघडा असतो. वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. आपल्याकडं मोफत आणि मुक्त असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत दोन्हींना ‘फ्री’ म्हणतात, आणि यातला फरक समजावून सांगण्यात मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांची चाळीस वर्षं गेली.

आता भांडण. आमच्या दुकानात प्रोजेक्ट रिपोर्टची बाइंडिंग करायला कॉलेजची मुलं येतात. त्यातला एक जण लिनक्सवाला. लॅपटॉपवर सगळी स्टिकरं, बोलणं धारदार. एका दुपारी मी एका निवृत्त बाईंच्या विंडोजवर लिब्रेऑफिस घालून देत होतो. तो मागून म्हणाला, ‘काका, काय करूलालाय ह्ये? भाड्याच्या घराला स्वतःच्या पैशानं फरशी बसवूलालाय.’

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. कारण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

त्याची बाजू मी आधी मांडतो, आणि त्याच्यासारखी जोर लावून मांडतो. विंडोजवर सगळं चांगलं फुकटात मिळालं, तर माणूस विंडोज सोडेल कशाला? जगभरातले स्वयंसेवक रात्री जागून प्रोग्राम लिहिणार, आणि त्यामुळं एका कंपनीची सिस्टीम आणखी आकर्षक होणार. शिवाय एक प्रोग्राम दुसऱ्या सिस्टीमवर नेणं म्हणजे पेनड्राइव्हवर कॉपी करणं नव्हे. फाइलींचे पत्ते वेगळे, छपाईची पद्धत वेगळी, इन्स्टॉलर वेगळा, तक्रारी वेगळ्या. तीच मेहनत लिनक्स सुधारण्यात गेली असती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: खाली जमीनच दुसऱ्याची असेल, तर वर ठेवलेला मुक्त प्रोग्राम तुम्हाला कितीसा वाचवणार? कोणती माहिती बाहेर जाते, अपडेट कधी होतं, मशीन कधी निकालात निघतं, हे जमीनवालाच ठरवतो.

हा वाद आजचा नाही. केडीई नावाचा मुक्त सॉफ्टवेअरचा मोठा प्रकल्प आहे. तो ज्या क्यूटी नावाच्या पायावर उभा आहे, तो पाया नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीनं २००५ मध्ये विंडोजसाठीही जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला केला. तोवर केडीईचे प्रोग्राम विंडोजवर न्यायची वाटच अडलेली होती. वाट मोकळी झाली आणि घरात वाद पेटला: आता जायचं की नाही? शेवटी त्यांचे बरेच प्रोग्राम गेले. चित्रं काढायचं क्रिता हे त्यातलंच. ते त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतं, आणि मायक्रोसॉफ्टच्या ॲप स्टोअरमध्ये पैसे देऊन मिळतं; ते पैसे क्रिता लिहिणाऱ्यांच्या कामाला लागतात. विंडोजवाल्याच्या खिशातून मुक्त सॉफ्टवेअरच्या घरात तेल येतं. त्या लिनक्सवाल्या मुलाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘गिऱ्हाईक मिळालं म्हणजे मत बरोबर होतंय काय?’ तेही खरंच.

आता माझ्या खोटीची गोष्ट.

नव्वदच्या दशकात मी धंदा सुरू केला तेव्हा मराठी टायपिंगसाठी एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. नाव सांगत नाही. त्याच्याबरोबर एक डोंगल यायचं, बोटाच्या दोन पेरांएवढं, प्रिंटरच्या पोर्टला मागून लावायचं. ते लावलं नाही तर सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. आम्ही त्याला ‘लॉक’ म्हणायचो. रात्री दुकान बंद करताना मी लॉक काढून खिशात घालून घरी न्यायचो, कारण ते चोरीला गेलं तर धंदा गेला.

त्या वेळचे फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, नव्हते. म्हणजे काय, तर संगणकाच्या लेखी ‘क’ हे अक्षरच नव्हतं. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी कंपनीनं ‘क’चं चित्र बसवलेलं. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की नुसते रोमन काटेकुटे. प्रत्येक कंपनीची बसवणी वेगळी. एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की गाढवांचा गोंधळ.

पुढं नवीन मशीन आलं, त्याला मागं प्रिंटरचं ते जुनं पोर्टच नव्हतं. जुन्या मशीनवर पाच-सहा वर्षं ढकललं. मग एका पावसाळ्यात ते लॉकच मेलं. कंपनीला फोन केला. नवी आवृत्ती घ्या म्हणाले, जुन्या फाइली त्यात ‘बहुतेक’ उघडतील. त्या बहुतेकमध्ये एका गावच्या ग्रामीण साहित्य संमेलनाची स्मरणिका नव्हती. शहाण्णव पानं. त्या गावच्या जुन्या माणसांच्या आठवणी, लावणीच्या वेळची गाणी, दोन कविता. लिहिणाऱ्यांतले निम्मे तोवर वारले होते. मंडळींना दुसरी आवृत्ती काढायची होती, आणि मजकूर माझ्याच संगणकात, माझ्याच हातानं कंपोझ केलेला, मलाच उघडता येईना. छापील प्रत समोर ठेवून सगळं पुन्हा टाइप केलं. मजुरी मागायचं तोंड नव्हतं.

त्या दिवसात मला एक गोष्ट पटली, आणि आजचं माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. विंडोज तेव्हाही होतं, आताही आहे. त्या स्मरणिकेला विंडोजनं अडवलं नव्हतं. अडवलं होतं फाइलीच्या बांधणीनं, म्हणजे फॉरमॅटनं. माणसाची सुटका पुढची बात. आधी फाइल सुटली पाहिजे. आणि फाइल सोडवायची तर माणूस ज्या सिस्टीमवर बसलाय तिथंच जाऊन सोडवावी लागते. ती बंदिस्त प्रोग्राममधून उघडून खुल्या बांधणीत सेव्ह करणारं अवजार त्याला विंडोजवरच हवं असतं, कारण फाइल तिथं आहे. लिब्रेऑफिस ज्या ओडीएफ बांधणीत फाइल ठेवतं, ती २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. तिचं वर्णन छापील आहे, कुणीही ती वाचणारा प्रोग्राम लिहू शकतो. बाईंच्या लॅपटॉपवर मी फरशी बसवत नव्हतो, त्यांच्या ट्रंकेची कडी बदलत होतो. उद्या त्यांनी घर बदललं तर ट्रंक उचलून नेता येईल.

हे एका दुकानदाराचं समाधान वाटेल, म्हणून मोठं उदाहरण देतो. फ्रान्समध्ये जांदार्मरी नावाचं पोलीस दल आहे, आपल्या ग्रामीण पोलिसांसारखं पण लष्करी शिस्तीचं. त्यांनी २००५ मध्ये विंडोज तसंच ठेवून ओपनऑफिस, म्हणजे लिब्रेऑफिसचं आधीचं रूप, घेतलं. २००६ मध्ये फायरफॉक्स आणि मेलसाठी थंडरबर्ड, तेही विंडोजवरच. हवालदार दोन-तीन वर्षं तेच प्रोग्राम रोज वापरत राहिले. मग २००८ पासून खालचं विंडोज काढून उबुंटू लिनक्स घालायला सुरुवात केली, आणि २०१३ पर्यंत सुमारे ३७,००० संगणक बदलले. हवालदाराला काय जाणवलं? पत्रं लिहायचा प्रोग्राम तोच, मेल तीच, ब्राउझर तोच. मुलाच्या हिशेबानं चाललं असतं तर २००५ मध्ये त्यांना काहीच मिळायला नको होतं.

उलट उदाहरण केरळचं. तिथं २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला आणि पुढं सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअरच शिकवायचं असं ठरलं. मधला जिना नाही, सरळ गच्चीवर. पण तिथं सरकार पाठीशी होतं, शिक्षकांना प्रशिक्षण होतं, पाठ्यपुस्तकंच त्यावर लिहिलेली. आपल्या शहापुरात, खानापुरात, निपाणीत सरकार पाठीशी कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. मी बोलायला नको. (हशा)

फायरफॉक्सबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथं मुलाची बाजू सगळ्यात लंगडी पडते. ९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. त्या काळात जगातले बहुतेक लोक इंटरनेट एक्स्प्लोररनं इंटरनेट बघायचे, आणि संकेतस्थळं बनवणारे फक्त त्याच्यापुरतीच बनवायचे. बँकेच्या पानावर लिहिलेलंच असायचं, इंटरनेट एक्स्प्लोरर वापरा. लिनक्सवाल्यानं काय करायचं? घरी बसायचं. आता समजा, फायरफॉक्सवाल्यांनी तत्त्व म्हणून फक्त लिनक्सवर फायरफॉक्स दिलं असतं. वापरणारे मूठभर; कुठल्या बँकेनं त्यांच्यासाठी पान दुरुस्त केलं असतं? विंडोजवरच्या कोट्यवधी लोकांनी फायरफॉक्स घेतलं, त्यांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा संकेतस्थळं सगळ्यांना चालतील अशी बनू लागली. त्या मुलाच्या लिनक्सवर आज बँक उघडते ती विंडोजवाल्यांच्या पुण्याईनं. हे ऐकून तो पहिल्यांदा गप्प बसला. पाच मिनिटं.

पाच मिनिटांनी म्हणाला, ‘काका, स्टॉलमन वाचा.’

वाचले. स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला: युनिक्स नावाच्या मालकीच्या सिस्टीमसारखी पण पूर्ण मुक्त सिस्टीम बनवायची. मोठा माणूस, कडक माणूस. पण सुरुवात कशावर झाली? जीएनयूचा मजकूर लिहायचा प्रोग्राम ईमॅक्स, कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा जीसीसी कंपायलर हे आधी मालकीच्या युनिक्सवरच लिहिले आणि चालवले गेले, कारण दुसरी जागाच नव्हती. युनिक्स वापरणं वाईट, पण त्याला पर्याय उभा करण्यासाठी ते वापरणं योग्य, असं ते स्वतःच सांगतात. सिस्टीमचा गाभा, म्हणजे लिनक्स, १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांच्याकडून आला आणि १९९२ मध्ये मुक्त झाला. तोपर्यंतची सगळी वर्षं मुक्त सॉफ्टवेअर भाड्याच्या घरातच वाढलं. मुलगा म्हणतो, तेव्हा सक्ती होती, आता मुक्त सिस्टीम आहे, आता सबब नाही.

त्याची सक्ती संपली, कारण त्याला कुणाला कन्नडात अर्ज करून द्यावे लागत नाहीत. माझ्या दुकानात सकाळी दहाला माणूस येतो, उताऱ्यावरचं नाव चुकलंय, कार्यालयात अर्ज द्यायचाय. अर्ज कन्नडात. फाइल घेऊन गेलं तर नुडीत पाहिजे म्हणतात. नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं, चांगलं आहे, पण ते विंडोजचं. मी एकदा युनिकोडात टाइप करून नेलं, तर खिडकीतल्या माणसानं फाइल उघडून बघितली न बघितली आणि म्हणाला, ‘आगंगिल्ल री.’ होणार नाही म्हणजे नाही. अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर आणा, पतसंस्थेचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आणा, तिथंही तेच. सीमाभागातला माणूस घरी एका भाषेत, कचेरीत दुसऱ्या भाषेत जगतो. त्याला म्हणायचं, आधी घर सोड, मग तुला मुक्त सॉफ्टवेअर देतो? आमच्या खडे बाजारात कुठला दुकानदार गिऱ्हाइकाला भाषा विचारून मग भाव सांगतो?

याच बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं. तिथून कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीला विष चढतं असा शेतकऱ्यांचा समज, त्यामुळं नांगर पडून राहिले. पण लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला बैल बदलायला सांगितलं नाही. बैल तेच, जू तेच, मागं नांगर तेवढा नवा. मी हे उदाहरण त्या मुलाला मोठ्या खुशीत ऐकवलं. त्यानं एका वाक्यात मोडून टाकलं: ‘बैल शेतकऱ्याचे होते, काका. तुमचे बैल भाड्याचे आहेत.’

आणि त्याचं म्हणणं लगेच सिद्धही झालं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, आणि प्रोसेसरही त्यांच्या यादीतला लागतो. चांगली चालणारी मशीनं, रॅम आठ जीबी, डिस्क नवीन, तरी नाही म्हणजे नाही. त्या दिवाळीत माझ्या दुकानात अशा मशीनांची रांग लागली होती. बैल धडधाकट, पण मालकानं दुरून शिट्टी वाजवली आणि बसवला. माझ्या लाडक्या उदाहरणाची अशी वाट लागली. तरी मी ते शीर्षकात ठेवलंय, कारण दुसरं तेवढं चांगलं सुचलं नाही.

पण बघा, त्या रांगेत दोन प्रकारचे लोक होते. ज्यांच्याकडं आधीपासून लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी होतं, त्यांना मी विचारलं, लिनक्स घालू का? ते म्हणाले, हे सगळं त्यात असेल ना? असेल म्हटल्यावर, मग घाला. बाकीच्यांनी मशीन भंगारात दिलं किंवा धोका पत्करून तसंच चालवलं. किती इकडं किती तिकडं हे मी मोजलं नाही, आणि आकडा सांगून तुम्हाला फसवणार नाही.

आता एक गोष्ट आम्हा डीटीपीवाल्यांच्या जिव्हाळ्याची. इतरांनी दोन मिनिटं चहाचा विचार करावा.

देवनागरी किंवा कन्नड अक्षर संगणकात सुटं सुटं साठवलेलं असतं. ‘क्ष’ दाखवायचा तर क, हलन्त, ष हे एकत्र आणून जोडाक्षर बनवावं लागतं. पहिली वेलांटी आधी, अक्षर नंतर. रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. आपल्या ‘दुसऱ्या’तला चंद्रकोरीसारखा र तर हिंदीवाल्यांना माहीतच नाही. हे काम करणारा एक वेगळा कोड असतो. पूर्वी लिब्रेऑफिस विंडोजवर विंडोजचाच जोडणीचा कोड वापरायचं, मॅकवर मॅकचा, लिनक्सवर तिसराच. परिणाम काय? तीच फाइल, तोच फॉन्ट, पण या मशीनवर ओळ इथं तुटते, त्या मशीनवर तिथं. बत्तीस पानांचा अहवाल दुसरीकडं तेहतीस पानांचा. छापणाऱ्याला विचारा, एक पान वाढलं की काय होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये लिब्रेऑफिस ५.३ आलं आणि सगळ्या सिस्टीमवर हार्फबझ हाच एक कोड आला. हार्फबझ मुक्त आहे. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड सगळीकडं तोच. नाव फारसी: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडं. बेहदाद इस्फाहबोद या इराणी माणसानं तो वाढवला. इराणी माणसाच्या कोडनं माझी मराठी जोडाक्षरं आणि कन्नडचे ओत्तक्षर, म्हणजे त्यांची अक्षराखालची जोडणी, विंडोज आणि लिनक्सवर सारखे दिसायला लागले.

यात मुलानं लक्ष द्यावं असं एक आहे. लिब्रेऑफिस फक्त लिनक्सवर असतं तर हा प्रश्नच आला नसता, बरोबर. पण मग विंडोजवरून आलेली मराठी फाइल लिनक्सवर तशीच दिसावी, ही ओढही कुणाला लागली नसती. दोन्हीकडं एकच प्रोग्राम असल्यामुळं कंपनीच्या कोडवर अवलंबून राहणं खटकायला लागलं. भाड्याच्या घरात राहूनच घरमालकाची विहीर सोडली आणि आपली खणली.

पानं लावायचं स्क्रायबस नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, पेजमेकरच्या जातीचं. त्याच्या १.४ आवृत्तीत देवनागरी घातली की जोडाक्षरांचे तुकडे व्हायचे. मी दोनदा प्रयत्न करून शिव्या देऊन सोडलं होतं. त्यातही मग हार्फबझ आला, आणि जानेवारी २०२४ मध्ये १.६ ही पक्की आवृत्ती निघाली. मागच्या वर्षी एका मंडळाची बत्तीस पानी पुस्तिका मी पूर्ण त्यात लावली. विंडोजवर. प्लेट चांगली निघाली. इंडिझाइनएवढं सोपं आहे असं सांगून मी खोटं बोलणार नाही. दोन रात्री जास्त गेल्या.

चहाचा विचार करणाऱ्यांनी आता परत यावं.

मग मी कुठल्या बाबतीत मुलाच्या बाजूचा? दोन.

पहिली. प्रोग्राम विंडोजवर द्यावा, पण लिनक्सवाल्याला शिळं आणि विंडोजवाल्याला ताजं असं होऊ नये. मात्र हा नियम ताणायचा किती? ईमॅक्सचं उदाहरण बघा. मॅकवर रंगीत इमोजी दिसत होते, मुक्त सिस्टीमवर ती सोय अजून झाली नव्हती. म्हणून ईमॅक्स २५ मध्ये मॅकवरचे रंगीत इमोजी मुद्दाम बंद केले. मुक्त सिस्टीमवर येतील तेव्हा तिथंही चालू करू म्हणाले. तत्त्व म्हणून समजतं. पण आपल्या घरी वीज आलेली नाही म्हणून शेजारचा बल्ब काढायचा, हे मला पटत नाही. आपल्या घराची तार ओढण्यात तेवढा वेळ घालवावा. मुलाला मात्र हा निर्णय फार आवडतो. त्याच्या लॅपटॉपवर ईमॅक्सचं स्टिकर आहे.

दुसरी बाब गंभीर आहे. विंडोजवर आज तरी मी कुठूनही इन्स्टॉलर आणून प्रोग्राम घालू शकतो. पण काही घरं अशी असतात की मालक फक्त भाडं घेत नाही, दारात खुर्ची टाकून बसतो. व्हीएलसी हा व्हिडिओचा प्रोग्राम, पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी १९९६ मध्ये सुरू केलेला. २०१० मध्ये तो आयफोन-आयपॅडसाठी ॲपलच्या ॲप स्टोअरमध्ये आला. जीपीएल परवाना सांगतो, हा प्रोग्राम पुढं देताना घेणाऱ्यावर जास्तीची बंधनं घालू नका. स्टोअरच्या अटी बंधनं घालणाऱ्याच. व्हीएलसी लिहिणाऱ्यांपैकीच एकानं हरकत घेतली, आणि जानेवारी २०११ मध्ये ॲपलनं तो काढून टाकला. २०१३ मध्ये परत आला, पण आधी शेकडो लेखकांच्या संमत्या गोळा करून कोडचा परवाना सैल करावा लागला. दारावरच्या माणसासमोर व्हीएलसीला वाकावं लागलं. इथं मी मुलाशी सहमत आहे: मालकाच्या अटीखातर मुक्त सॉफ्टवेअरनं आपला परवानाच ढिला करायचा असेल, तर आत जाण्यापूर्वी दहादा विचार करावा. विंडोजचंही दार उद्या असंच झालं तर माझं आजचं भाषण मी मागं घेईन. त्यासाठी पुन्हा मानधन मागणार नाही. (हशा)

लोक विचारतात, मग तुम्ही स्वतः काय वापरता? पुढच्या टेबलावरचं मशीन लिनक्सचं, मागचं विंडोजचं. पत्रिका पुढच्यावर, नुडीचं काम मागच्यावर. मधे पेनड्राइव्ह. घरी बायकोचा फोन अँड्रॉइड, मुलीचा ॲपलचा. तिथं माझं काही चालत नाही.

या वाचनालयात विंडोज १० चे चार जुने संगणक आहेत, अकराला न चालणारे. कार्यकारिणीनं ते आम्हा दोघांच्या ताब्यात दिलेत, माझ्या आणि त्या मुलाच्या. तीनवर लिनक्स घालायचं यावर आमचं एकमत झालंय. त्यात ग्रंथयादी, वर्तमानपत्रं, मुलांचं टायपिंग सगळं बसतं. ती स्मरणिका, जी मी पुन्हा टाइप केली, तीही त्यावर ओडीएफमध्ये टाकून ठेवतोय, ज्याला हवी त्यानं घेऊन जावी. चौथा संगणक विंडोजवरच राहणार, इंटरनेट काढून, कारण कन्नड अर्ज लिहायला रोज दहा माणसं येतात आणि खिडकीतला माणूस नुडीच मागतो. त्यावर लिब्रेऑफिस मी घालणार. मुलगा म्हणतो, घालू नका, तो संगणक जितका अडचणीचा राहील तितकी लोक ओरड करतील आणि कार्यालय युनिकोड घ्यायला लागेल. मी म्हणतो, ओरड करायला माणूस आधी अर्ज तरी देऊ शकला पाहिजे. चौथ्या संगणकाचं अजून ठरलेलं नाही.

तो तिसऱ्या रांगेत, खांबाच्या आड बसलाय. आता चहा आहे, पण त्याआधी पहिला प्रश्न त्यालाच विचारू द्या.